अहमदाबाद की चेन्नई? उन्हाळा आणि सासूबाई दोन्ही सांभाळायचे आहेत

गोदाकाठची

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. कंपनीने मला बढती देऊ केली आहे, परंतु ती नाशिकमध्ये नाही. एक जागा अहमदाबादजवळ साणंदला आहे आणि दुसरी चेन्नईजवळ ओरगडमला. पगार दोन्हीकडे सारखाच आहे. कोणती जागा घ्यायची ते मार्चअखेरपर्यंत कळवायचे आहे आणि एकदा गेले की किमान पाच वर्षे तिथेच राहावे लागेल.

घरात आम्ही चौघे आहोत. यजमान घरूनच हिशेबाची कामे करतात, मुलगी तिसरीत आहे आणि सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांना रक्तदाब आहे आणि रोज सकाळी लघवी होण्याची गोळी घ्यावी लागते. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी संध्याकाळी वारा सुटतो आणि त्या अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसतात. दोन्ही नव्या ठिकाणी त्यांना असे बसता येईल का, हाच माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

माझ्या भावाच्या मते यात विचार करण्यासारखे काही नाही. अहमदाबादला ४४-४५ अंश, चेन्नईला ३७-३८, म्हणजे चेन्नईच. याउलट चेन्नईत दोन वर्षे काढून परतलेले आमचे एक सहकारी म्हणतात की तिथे अंघोळ करून बाहेर येईपर्यंत पुन्हा अंघोळीची गरज भासते. हे दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असे मला वाटत नाही. दोन्हीपैकी एखाद्या शहरात प्रत्यक्ष उन्हाळे काढलेल्या मराठी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

वासणा बॅरेज

ताई, मी मूळची सांगलीची असून गेली सतरा वर्षे अहमदाबादेत आहे. पहिली काही वर्षे आम्ही मणिनगरला होतो आणि आता पश्चिमेकडे बोपळच्या बाजूला राहतो. साणंदला जाणारी बरीच माणसे याच भागात घर घेतात, तेव्हा तुम्हीही बहुधा इकडेच याल असे धरून लिहिते.

तुमच्या भावाचा आकडा चुकीचा नाही. मे महिन्यातले इथले सरासरी कमाल तापमान ४१-४२ अंशांच्या घरात असते आणि २० मे २०१६ रोजी ते ४८ अंशांवर गेले होते. त्या दिवशी मी दुपारी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर प्लॅस्टिकचे चिमटे हातात घेताच तुकडे होऊन पडले. परंतु ही कोरडी काहिली आहे. सावलीत उभे राहिले, डोक्याला ओला पंचा गुंडाळला आणि ताक पीत राहिले की माणूस तग धरतो. माठातले पाणी दातांना लागेल इतके गार होते आणि कुरडया-पापड एका दिवसात कडकडीत वाळतात.

आता आमची चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये असे वाटते. पहिल्या वर्षी भाडे कमी म्हणून आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावरचे, पश्चिमेला खिडक्या असलेले घर घेतले. दुपारची काहिली अपेक्षित होती. जे अपेक्षित नव्हते ते रात्री समजले. स्लॅब दिवसभर जी उष्णता पिऊन बसे, ती रात्री दहानंतर खाली सोडू लागे. अकरा वाजता भिंतीला पाठ टेकली तर ती तापलेल्या तव्यासारखी लागे आणि नळ सोडला की पहिली बादली थेट अंघोळीला चालेल इतकी गरम येई. माझ्या आईला तेव्हा दोन आठवड्यांसाठी आणले होते. चौथ्या दिवशी तिला चक्कर आली आणि आम्ही तिला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या बैठकीत झोपवले. तिथे तिला शांत झोप लागली. इमारत तीच आणि रात्रही तीच होती, फरक फक्त मजल्यांचा होता.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेत या शहरात नेहमीच्या मानाने १३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. त्याच काळात इथल्या एका सार्वजनिक रुग्णालयातला प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर उष्णतेचा त्रास होणाऱ्या नवजात बाळांची संख्या घटली. त्या लाटेतूनच धडा घेऊन महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा लागू केला आणि दक्षिण आशियातला तो पहिलाच होता. आता ४१ अंश ओलांडले की पिवळा, ४३ ओलांडले की नारिंगी आणि ४५ झाले की लाल इशारा येतो. गेल्या काही उन्हाळ्यांत तर दुपारच्या वेळी अनेक चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीस्वारांना तळपत उभे राहावे लागत नाही. गच्चीला पांढरा चुना किंवा तसा रंग लावण्याचीही मोहीम असते. आम्ही सोसायटीत भांडून भांडून तो लावून घेतला.

सासूबाईंच्या ओट्याविषयी: मे महिन्यात संध्याकाळी सातच्या आत विसरा, त्यानंतर बसता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र त्या दिवसभर उन्हात बसू शकतील. जानेवारीत पहाटे १२ अंशांच्या आसपास असते आणि स्वेटर काढावा लागतो. हे चार महिने विचारात घेतल्याशिवाय तुलना करू नये.

पाणी नर्मदेचे आहे. साबरमतीच्या पात्रात आज जे पाणी दिसते तेही कालव्याने आणलेले नर्मदेचेच. परंतु शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत अजूनही बोअरचे जड पाणी मिळते. त्याने तोट्यांवर पांढरा थर चढतो. घर पाहताना न्हाणीघरातली तोटी बघा, मालकापेक्षा ती खरे सांगते.

पल्लिकरणै

वरील प्रतिसाद प्रामाणिक आहे, म्हणून मीही चेन्नईची बाजू तितक्याच प्रामाणिकपणे मांडतो. मी पुण्याचा आहे आणि २००९ पासून इथे आहे.

चेन्नईच्या उन्हाळ्याचे गणित समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर चालते. सकाळी जमिनीवरून कोरडा, तापलेला पश्चिम वारा वाहत असतो. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पूर्वेकडून समुद्रवारा आत शिरला की पारा चढायचा थांबतो. तो वेळेवर आला तर दिवस ३६-३७ वर सुटतो आणि उशिरा आला तर ४० ओलांडतो. मे २००३ च्या अखेरीस इथल्या नुंगंबाक्कमच्या हवामान केंद्रात ४५ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा अहमदाबादवाल्यांनी आम्हाला अगदीच थंड समजू नये. मेच्या पहिल्या आठवड्यापासून पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांना इथे अग्नि नक्षत्रम् म्हणतात आणि त्या काळात लोक लग्नकार्यासाठी गावाला जाणेही शक्यतो टाळतात.

आता तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट. चेन्नईचे गोडवे गाणारे बहुतेक जण बेझंट नगर, तिरुवान्मियूर अशा किनाऱ्याजवळच्या वस्त्यांबद्दल बोलत असतात. ओरगडम समुद्रापासून तीस-चाळीस किलोमीटर आत आहे. तिथे रोज जायचे तर तुम्ही तांबरम किंवा त्याच्या पलीकडे घर घ्याल. समुद्रवारा तिथे उशिरा आणि दमून पोहोचतो, दमटपणा मात्र पुरेपूर पोहोचतो. म्हणजे किनाऱ्याचे भाडे न देता किनाऱ्याची चिकचिक तेवढी पदरात पडते. मला स्वतःला हा व्यवहार तोट्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. मे महिन्यात रात्रीचे किमान तापमान दोन्ही शहरांत जवळपास सारखेच, २७-२८ अंश असते. फरक असा की इथे मार्चमध्ये सुरू झालेली चिकचिक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हटत नाही. जून ते सप्टेंबर संध्याकाळी अधूनमधून वळीव कोसळतो, पण महाराष्ट्रासारखा पावसाळा लागून हवा गार होत नाही. आमचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. थंडी म्हणावी अशी गोष्ट इथे नाहीच. जानेवारीत पहाटे २१ अंश असतात आणि आमचे शेजारी तेवढ्यात कानटोपी घालून फिरायला निघतात.

पाण्याच्या बाबतीत हे शहर दोन्ही टोके दाखवते. डिसेंबर २०१५ मध्ये मी वेळच्चेरीला तळमजल्यावर राहत होतो. १ डिसेंबरच्या आसपास एका दिवसात तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. आमच्या घरात पाणी आधी दारातून न येता न्हाणीघराच्या जाळीतून वर आले, शांतपणे, बुडबुडे काढत. अर्ध्या तासात ते पलंगाच्या फळीला लागले. तीन दिवस आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाकडे होतो. त्यांनी आम्हाला काय खायचे तेवढे विचारले, किती दिवस राहणार हे एकदाही विचारले नाही. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात याच शहराची पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम ही चारही धरणे कोरडीठाक पडली आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका गाडीत २५ लाख लिटर. इमारतीखालच्या टाकीला इथे सरसकट ‘संप’ म्हणतात. त्या उन्हाळ्यात सकाळी उठून पहिले काम म्हणजे संपचे झाकण उचलून काठी बुडवून पाहणे. माझ्याकडे ती खुणा केलेली काठी अजून आहे.

तेव्हापासून समुद्राचे पाणी गोडे करणारा आणखी एक मोठा प्रकल्प सुरू झाला आहे आणि पावसाचे पाणी मुरवण्याची सोय तर प्रत्येक इमारतीला २००३ पासूनच बंधनकारक आहे. तरीही घर घेताना दोनच प्रश्न विचारावेत: २०१५ मध्ये आणि डिसेंबर २०२३ च्या मिचौंग चक्रीवादळात या गल्लीत पाणी कुठपर्यंत आले होते, आणि २०१९ मध्ये टँकर किती दिवसांनी येत होता. मालक उत्तर टाळू लागला तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

अहमदाबादला वरचा मजला टाळा असे म्हटले गेले आहे. इथे त्याबरोबर तळमजलाही टाळावा लागतो. ज्यांच्या घरी जिने चढू न शकणारे वडीलधारे माणूस आहे, त्यांच्यासाठी ही अडचण लहान नाही, कारण पुरात सर्वांत आधी वीज जाते आणि विजेबरोबर लिफ्टही.

अकोल्याचा कूलर

मी वातानुकूलनाच्या धंद्यात तीस वर्षे घालवली आहेत आणि जन्म अकोल्याचा असल्यामुळे उन्हाचे कौतुक मला कुणी सांगू नये. ताईंचे बंधू आणि सहकारी दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या तापमापी वेगळ्या आहेत.

तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तिच्यावर पंख्याचा वारा सोडला की पाणी उडून जाताना पारा खाली येतो. घाम आलेले शरीर म्हणजे हेच ओले फडके. अहमदाबादेत हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना हा पारा साधारण २३ पर्यंत उतरतो. चेन्नईत ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना तो २९ च्या खाली जात नाही. म्हणजे कोरड्या पाऱ्याने सात अंश गार असलेले शहर ओल्या पाऱ्याने सहा अंश गरम निघते. कूलरची सगळी मदार याच ओल्या पाऱ्यावर असल्यामुळे वाळ्याच्या ताट्या लावलेला एक चांगला कूलर अहमदाबादच्या खोलीत २७-२८ अंशांचा वारा देतो. चेन्नईत तोच कूलर फक्त खोली ओली करतो, चादरींना वास आणतो आणि दाराच्या चौकटी फुगवतो.

एक सावधगिरी मात्र अहमदाबादसाठी अधिक आहे. दमट हवेत माणसाला आपण घामाघूम झालो आहोत हे दिसते. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आतच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळतच नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना तहानही उशिरा लागते. त्यात लघवीची गोळी सुरू असेल तर मार्च लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यात तिचे प्रमाण काय ठेवायचे आणि मीठ-पाणी किती द्यायचे हे ठरवून घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. पारा चाळीसच्या वर गेल्यावर नुसत्या पंख्यावर विसंबू नये, कारण तेव्हा पंखा भट्टीचाच वारा अंगावर घालतो.

कावेरीपारचा

माझे घराणे तंजावरचे आहे. भोसल्यांच्या राज्यात आलेले आमचे पूर्वज परत गेलेच नाहीत आणि मी स्वतः चेन्नईत वाढलो. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचे पाहुणे आधी गोंधळतात, मग हसतात. लिहिण्याची मराठी मी नोकरीनिमित्त पुण्यात असताना शिकलो.

उन्हाबद्दल वरच्या मंडळींनी सारे सांगितले आहे. मी फक्त एवढेच विचारतो की सासूबाई दिवसभर कुणाशी बोलणार? तुम्ही कारखान्यात, मुलगी शाळेत आणि यजमान संगणकापुढे. आमच्या शहरात माणसे मनाची मोकळी आहेत, नीरमोर, म्हणजे आमचे हिंग-कढीपत्त्याचे ताक, न मागता हातात ठेवतील. तथापि ७२ व्या वर्षी तमिळ शिकणे कठीण आहे आणि शेजारच्या आजींना हिंदी येईलच असे नाही. गुजराती मात्र त्यांना महिन्याभरात अर्धीअधिक समजू लागेल. मुलीची चिंता करू नका. दोन्ही राज्यांत शाळेत तिथली भाषा शिकावीच लागते आणि तिसरीतले मूल कोणतीही लिपी सहा महिन्यांत उचलते.

माझे शहर मला प्रिय आहे आणि तरीही मी हे लिहितो आहे.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण कंपनीकडून मुदत वाढवून घेतली आणि दोन्ही ठिकाणी चार-चार दिवस राहून आले. आकडे वाचून ठरवण्यापेक्षा ऐन उन्हाळ्यात जावे असे वाटले, म्हणून मुद्दाम मे महिना निवडला. सासूबाईंना बरोबर नेले.

चेन्नईत तांबरमजवळच्या पाहुण्यांच्या घरी उतरलो. दुसऱ्या संध्याकाळी त्यांना बेझंट नगरच्या समुद्रावर नेले, तेव्हा त्या दीड तास वाळूत बसून होत्या आणि ताडगोळे खात होत्या. इथेच राहू या, असेही म्हणाल्या. परत तांबरमला यायला रहदारीत बराच वेळ गेला आणि त्या रात्री घामामुळे त्यांच्या उशीचा अभ्रा दोनदा बदलावा लागला. सकाळी त्यांनी आपणहून विचारले की समुद्र रोज किती लांब पडेल. पल्लिकरणै यांचा किनाऱ्याचा मुद्दा मला तेव्हा नीट उमगला.

अहमदाबादेत दुपारी ४४ अंश होते. कारमधून उतरून इमारतीच्या दारापर्यंत जाईस्तोवर डोळ्यांची आग झाली आणि सासूबाई, ज्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणाल्या की हे शहर चुलीच्या तोंडाशी बांधले आहे. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या, पूर्वेला तोंड असलेल्या एका घरात कूलर सुरू होता. तिथे त्या पंधरा मिनिटांत चक्क पेंगल्या. त्यांना उठवायचे जिवावर आले, म्हणून घरमालकिणीने आम्हाला चहा दिला आणि चहा होईपर्यंत सासूबाई जाग्या होऊन त्या दोघींच्या नातवंडांच्या गप्पा सुरू झाल्या, एक गुजरातीत आणि दुसरी मराठीत. न्हाणीघरातली तोटी मी तपासली, थोडा पांढरा थर आहे. मालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न मांसाहाराचा विचारला. आम्ही रविवारी मटण करतो हे सांगितले, तेव्हा त्या जरा थांबल्या आणि मग खिडक्या लावून करा म्हणाल्या.

सात मजली इमारतीतले ते तिसऱ्या मजल्यावरचे घर आम्ही घेतले आहे. नाशिकहून रात्रीच्या बसने निघाले की सकाळी पोहोचता येते, हेही मनात होतेच. आता वासणा बॅरेज यांना एक शेवटचा प्रश्न: कूलर खिडकीत कायमचा बसवून घ्यावा की चाकांचा घ्यावा? आणि पाऊस सुरू झाल्यावर त्याचे काय करतात?

वासणा बॅरेज

खिडकीतच बसवा आणि समोरची दुसरी खिडकी चार बोटे उघडी ठेवा. चाकांचा कूलर खोलीच्या मध्ये ठेवला तर आतलीच ओली हवा फिरत राहते आणि तासाभरात तुमचे चेन्नई होते. जूनअखेरीस पाऊस आला की पाणी बंद करून नुसता पंखा वापरावा, ताट्या काढून उन्हात वाळवाव्यात आणि टाकी घासून कोरडी करावी, कारण तळाशी राहिलेल्या बोटभर पाण्यात डास होतात. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या घ्या आणि त्या एप्रिल संपण्याआधी घ्या, मे लागला की दुकानदार भाव सांगताना तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. सामान घेऊन येणार असाल त्या दिवशी कळवा. आमच्याकडे जादा माठ आहे.